उंबऱ्यावरचा पंचम

“मग गंडा का बांधला नाहीत, आण्णा?”

सुकुमारने विचारलं, पण वर पाहिलं नाही. आण्णांचा उजवा हात त्याच्या मांडीवर होता आणि तो त्यांच्या एका बोटाला कोमट तेल चोळत होता.

आण्णांचे डोळे मिटलेले होते. ऊन नुकतंच ओट्यावर आलं होतं. समोर खळ्यात गवताच्या गंजीवरचं दव वाफ होऊन वर जात होतं.

“आण्णा...”

“सांध्यावर चोळ जरा. थंडीत तिथंच धरतं.”

सुकुमारने सांध्यावर चोळलं. करंगळीच्या शेजारचं बोट. काठीसारखं सरळ. आण्णा तरुण असताना गुऱ्हाळावर उसाच्या चरकात ते सापडलं होतं. वाचलं, पण पुन्हा वाकलं नाही.

सुकुमार इथे शिकायला होता तेव्हा थंडीच्या दिवसांत हे काम त्याचंच असे. आजही तो गाडीतून उतरून ओट्यावर येऊन बसला, तशी आक्कांनी, आण्णांच्या बायकोने, तेलाची वाटी त्याच्यापुढे सरकवली. त्यानेही मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला ठेवलं आणि झब्ब्याच्या बाह्या वर केल्या.

झब्बा रेशमी होता.

आण्णा म्हणजे अंतोबा गुरव. आजऱ्याच्या पलीकडच्या एका लहानशा गावात देवळात सनई वाजवायचे आणि घरी बासरी. सनई देवाची, बासरी आपली, असं म्हणायचे. त्यांची बासरी ऐकलेले लोक थोडे होते. पण ज्यांनी ऐकली ते विसरले नव्हते.

सुकुमार उपाध्ये गडहिंग्लजचा. मिसरूड फुटायच्या आधी आला, आण्णांच्या घरी राहिला, आक्कांच्या हातचं जेवला. मग मुंबईहून एका स्टुडिओचं बोलावणं आलं आणि तो गेला. आता त्याची बासरी ठाऊक नाही असं घर सापडणं कठीण होतं.

फक्त गंडा राहिला होता. गुरूने शिष्याच्या मनगटाला बांधायचा दोरा. साधा, लाल. तो बांधला की शिष्य घरचा होतो. तोपर्यंत तो शिकायला आलेला एक मुलगा.

“माझा एक संच निघतोय, आण्णा,” सुकुमार म्हणाला. “आजवरचं सगळं निवडून. ख्याल आहे, गझल आहे, लावणी, सिनेमातलं, परदेशी लोकांबरोबरचं... सगळं. त्यावर तुमचं नाव घालायचंय.”

“घाल की.”

“नुसतं नाव नाही. ‘अंतोबा गुरव यांचे गंडाबंध शिष्य’, असं.”

आण्णांनी तोंड उन्हाकडे फिरवलं.

“मागच्या महिन्यात एका कार्यक्रमात एकाने उभं राहून विचारलं, गंडा कधी बांधला तुमचा? भर सभेत. मी... मी हसून वेळ मारून नेली.”

“हसलास ते बरं केलंस.”

“आण्णा, मला झोप लागली नाही त्या दिवशी.”

आक्का दारात आल्या. हातात पोह्यांची ताटली होती.

“कांदा घातलेला नाही,” त्या म्हणाल्या. “आठवण आहे मला. खा.”

“ठेवा आक्का, खातो.”

“चहा टाकू?”

“नको. चहा सोडलाय मी. श्वासाला चांगला नसतो.”

“चहा?” आक्कांनी आण्णांकडे पाहिलं. “आणि आपण दोघं अजून जिवंत कसे हो?”

आण्णांच्या मिशीत हसू आलं आणि गेलं.

“दोरा तर तू मुंबईला गेलास त्याच वर्षी आणलाय,” आक्का जाता जाता म्हणाल्या. “देव्हाऱ्याच्या खणात आहे. दर दसऱ्याला मी त्याला हळदकुंकू लावते आणि परत ठेवते.”

“तू आत जा बघू,” आण्णा म्हणाले.

सुकुमारचा हात थांबला होता. दोरा आणलेला होता. या घरात होता. इतकी वर्षं.

“मला कारण माहीत आहे,” तो म्हणाला. आवाज जरा चढला होता. “मी सिनेमात वाजवलं म्हणून. तमाशातल्या बाईच्या लावणीला वाजवलं म्हणून. तुम्ही दिलेलं मी चव्हाट्यावर नेलं म्हणून.”

आण्णांनी एक डोळा उघडला.

“असं कोण म्हणालं?”

“कोणी म्हणायला कशाला हवं? तुम्ही एकदाही ऐकायला आला नाहीत.”

“तू बोलावलंस?”

“दरवेळी पत्रिका पाठवली.”

“छापील,” आतून आक्कांचा आवाज आला. “पोस्टानं.”

सुकुमार पुन्हा तेल चोळू लागला.

आण्णांनी हात हळूच काढून घेतला.

“पुरे आता. आणलंयस का ते? तुझं सगळं?”

“काय?”

“तू वाजवलेलं. लाव. ऐकू या.”

सुकुमारने हात पुसले. पिशवीतून फोन काढला, मुठीएवढा स्पीकर काढला, दोन्ही ओट्यावर आण्णांसमोर ठेवले. त्याला वाटलं होतं, आण्णांना विनवावं लागेल. इतक्या लवकर वेळ येईल असं वाटलं नव्हतं. विद्यार्थ्यासारखा तो सरळ मांडी घालून बसला.

“आधी यमन लावतो,” तो म्हणाला. म्हणजे निदान सुरुवात तरी तुमच्या आवडीची, असं त्याच्या मनात होतं.

यमन सुरू झाला.

आण्णा खांबाला टेकून बसले. दुखरा हात गुडघ्यावर ठेवलेला. बासरी सावकाश वर गेली, फिरली, मग एकेक पायरी खाली येऊ लागली. सगळ्यांत खालच्या पंचमावर यायच्या आधी ती किंचित थांबली. जणू आत जावं की नाही, असा विचार करत. मग अलगद आत गेली.

सुकुमारचा हा पंचम प्रसिद्ध होता. लोक त्या जागेची वाट बघत. वर्तमानपत्रांत त्यावर लिहून आलं होतं.

पंचम आला आणि आण्णांचं ते ताठ बोट गुडघ्यावरून जरासं वर उचललं गेलं.

सुकुमारला बरं वाटलं. दाद होती ती.

“चांगलं आहे,” आण्णा म्हणाले. “पुढचं लाव.”

“पुढे गझल आहे.”

“लाव की.”

गझलेत गाणारी बाई थांबली की बासरी बोलत होती. आण्णांनी मान हलवली. “बाईंचा आवाज भाजलेला आहे,” ते म्हणाले. “चांगला भाजलाय.” मग बासरी खाली उतरली, पंचमापाशी थबकली, आत गेली.

बोट उचललं गेलं.

“पुढचं.”

सुकुमारने जरा घाबरतच लावणी लावली. ढोलकी कडाडली तशा आक्का पदर खोचत दारात येऊन उभ्या राहिल्या. आण्णांचा पाय ताल धरू लागला.

“ढोलकीवाला कोण रे?”

“नगरचा आहे एक.”

“हात सोन्याचा आहे त्याचा. त्याला सांग मी म्हणालो म्हणून.”

“आण्णा, तुम्हाला... आवडली लावणी?”

“न आवडायला काय झालं? मी देवळात सनई वाजवली, तशी लग्नातही वाजवली. नवरीच्या मामाला नाचायचं असलं तर काय यमन वाजवायचा?”

ढोलकी थांबली. बासरी एकटी उरली. उतरली. थबकली. पंचम.

बोट.

आता सुकुमारला ते बोट कुठे उचललं जातं हे कळायला लागलं होतं. वाट बघून बघून तो ती जागा आली की आण्णांच्या गुडघ्याकडे पाहू लागला. एकदाही चुकलं नाही. त्याला आनंदही होत होता आणि त्या आनंदाखाली काहीतरी टोचतही होतं. कारण बोट उचललं जात होतं तेव्हा आण्णांच्या चेहऱ्यावर दाद नव्हती.

सिनेमातलं गाणं झालं. मग परदेशी लोकांबरोबरचं लावलं.

“हे कोण रडतंय?” आण्णांनी विचारलं.

“सॅक्सोफोन आहे तो. आपल्या सनईसारखंच फुंकायचं. पितळी असतं.”

“सनईचा सावत्र भाऊ,” आण्णा म्हणाले. “रडू दे. मनापासून रडतोय.”

सॅक्सोफोन बराच वेळ रडला. मग सुकुमारच्या बासरीने त्याला जवळ घेतलं, समजूत घातली आणि खाली आणलं. पंचमाच्या दारात दोघांना थांबवलं.

बोट पुन्हा वर आलं. या वेळी आण्णांनी ते खाली ठेवलं नाही. तसंच धरून त्याच्याकडे बघत राहिले.

“बंद कर जरा,” ते म्हणाले.

सुकुमारने बोटाने पडद्यावर दाबलं. गाणं थांबलं.

“बासरी आणलीयस?”

“आहे की.”

“वाजव.”

“काय वाजवू?”

“पंचम.”

सुकुमारने बासरी ओठाला लावली. डोळे मिटले. धैवतावर आला. बासरीचं फक्त शेवटचं भोक उघडं राहिलं की तो सूर धैवत असतो, तेही झाकलं की पंचम. तो धैवतावर थांबला, श्वास रोखल्यासारखा. मग शेवटचं बोट ठेवलं. पंचम अलगद उतरला.

“थांबलास कुठं?”

“उंबऱ्यावर,” सुकुमार हसून म्हणाला आणि त्याने कानाची पाळी धरली, गुरूचं बोलणं सांगताना धरतात तशी. “तुमचंच वाक्य आहे, आण्णा. पंचम हा पाहुणा आहे. उंबऱ्यावर जरा थांबणारच.”

“मी म्हणालो असं?”

“म्हणजे काय! याच ओट्यावर. मी विचारलं होतं, तुमचा पंचम उशिरा का येतो? तेव्हा तुम्ही म्हणालात. मी ते कधी विसरलो नाही. मुलाखत असली की सांगतो. माझ्या विद्यार्थ्यांना पहिला धडा हाच असतो.”

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. आक्का पुन्हा दारात आल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “म्हणजे ते आंबोलीचे पाहुणे?”

आण्णांनी मान खाली घातली.

“पोरीला बघायला आले होते ते? दारात चपला काढत होते तेव्हा?”

“तेच.”

आक्कांनी तोंडाला पदर लावला. खांदे हलू लागले. मग त्यांचं लक्ष सुकुमारच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्या एकदम थांबल्या. पदर तसाच तोंडावर राहिला.

“काय झालं?” सुकुमारने विचारलं. “काय झालं, आक्का?”

आक्का आत निघून गेल्या.

आण्णांनी आपला हात पुढे केला.

“तुझं बोट वाकतं?”

“कुठलं?”

“हेच. करंगळीशेजारचं.”

“वाकतं की.”

“वाकवून दाखव.”

सुकुमारने बोट वाकवलं. सरळ केलं. पुन्हा वाकवलं. आण्णा ते बघत राहिले. लहान मूल पाखराकडे बघतं तसे.

“माझं वाकत नाही,” ते म्हणाले.

“ते माहीत आहे मला, आण्णा.”

“शेवटचं भोक झाकायचं तर मला सगळा हात खाली न्यावा लागतो. तेवढ्यात उशीर होतो.”

आण्णांनी हात परत गुडघ्यावर ठेवला. “दारात पाहुणे होते. पोरीचं लग्न जमायचं होतं. त्यांच्यासमोर बापाचं बोट थोटं आहे हे कशाला सांगू? तू विचारलंस, मी आपलं काहीतरी बोललो. समोर पाहुणेच दिसत होते.”

सुकुमारने आपल्या तळव्यांकडे पाहिलं. त्याच्या हाताला अजून तेलाचा वास होता. तेच बोट त्याने मघाशी हातात धरलं होतं. थंडीत धरलं होतं, कितीतरी थंडीत. कुठला सांधा दुखतो, कुठे दाबलं की आण्णा ओठ आवळतात, सगळं त्याला ठाऊक होतं.

“मी...” तो म्हणाला. “माझी मुलं, आण्णा... माझ्याकडे शिकतात ती... सगळी तिथे थांबतात.”

“सगळी?”

“सगळी. जो थांबत नाही त्याला मी उभं करतो.”

“पोरांना उभं करतोस?”

“हो.”

आण्णांनी कपाळावर हात मारून घेतला नाही की ते हसले नाहीत.

“तुम्ही सांगितलं का नाहीत?” सुकुमारचा आवाज फाटला. “मी इथेच वाजवायचो की. तुमच्यासमोर. रोज थांबायचो. तुम्ही ऐकत होता.”

“ऐकत होतो.”

“मग?”

आण्णा खळ्याकडे बघत होते. दव केव्हाच संपलं होतं.

“आज सांगू, उद्या सांगू असं चाललं होतं... तेवढ्यात तुझं बोलावणं आलं. एस.टी.त चढणाऱ्या माणसाला सांगायची गोष्ट आहे का ही?”

थोडं थांबून ते हलक्या आवाजात म्हणाले, “आणि बरं वाटायचं रे. माझं लंगडणं सुद्धा कुणीतरी उचललं, म्हणून.”

रस्त्याने एक बैलगाडी गेली. गाडीवानाने आण्णांना हात केला. आण्णांनीही केला.

“म्हणून गंडा नाही,” सुकुमार म्हणाला. हे विचारणं नव्हतं.

“कुणाला बांधू, सांग. आत्ता एवढं ऐकवलंस. यमन चांगला. गझल चांगली. लावणी तर झकास. तो रडणारा मला फार आवडला. तू कुठंही गेलास त्याचं मला काही वाटत नाही. मी प्रत्येकात बघत होतो, आमचा सुकुमार कुठं दिसतो का. दरवेळी हाच भेटला.”

त्यांनी ते ताठ बोट वर केलं.

“आता माझ्याच बोटाला दोरा बांधून घेऊ?”

सुकुमारने फोन उचलला. बंद करून पिशवीत टाकावा, पिशवी उचलावी, गाडीत बसावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पुसूनही बोटांना तेल होतं. पडद्यावर बोट घसरलं आणि भलतंच काहीतरी लागलं.

आधी खरखर. मग एका पुरुषाचा आवाज.

“सर, काहीतरी वाजवा. लेव्हल बघतो.”

मग सुकुमारचा आवाज. जांभई देत, ऐसपैस.

“अरे, चहा तरी सांग आधी. अर्धाच. साखर जरा जास्त.”

आतून आक्का म्हणाल्या, “सोडलाय ना रे चहा?”

सुकुमारचे कान लाल झाले. तो बंद करायला गेला, तेवढ्यात आण्णांनी त्याचं मनगट धरलं. तेलकट हाताने, घट्ट.

बासरी वाजू लागली होती.

कुठला राग नव्हता. कुणी ऐकावं म्हणून वाजवलेलं नव्हतं. माणूस घरात एकटा असला की काम करता करता काहीतरी गुणगुणतो, तसं होतं ते. मध्येच एक सूर जरा घसरला, त्याने तो तसाच सोडून दिला. कुणीतरी खुर्ची सरकवली. बासरी इकडे तिकडे भटकली आणि खाली उतरली. धैवत. पंचम.

थांबली नाही.

घरचं माणूस दार ढकलून आत यावं, तसा पंचम आला.

आण्णांचा हात गुडघ्यावर होता. बोट हललं नाही.

“बास सर, मिळाली लेव्हल,” तो मघाचा आवाज म्हणाला, आणि सगळं थांबलं.

“परत लाव,” आण्णा म्हणाले.

सुकुमारने परत लावलं. आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. या वेळी चहाचं ऐकून त्या हसल्या नाहीत.

“हे काय आहे?”

“काही नाही, आण्णा. रेकॉर्डिंगच्या आधी माईक तपासतात, त्यासाठी वाजवलेलं. कापायचं राहिलंय. हे संचात नाही.”

“कुठलं गाणं?”

“गाणं नाही. आई पापड लाटताना काहीतरी म्हणायची. त्याला नाव नाही.”

“वाजवतोय कोण?”

“मीच.”

“याला मी ओळखत नाही,” आण्णा म्हणाले. “हा या ओट्यावर कधी आलाच नाही.”

सुकुमारने बासरी उचलली. आईचं ते गाणं नसलेलं गाणं सुरू केलं. धैवतावर आला. शेवटचं बोट ठेवलं.

उशीर झाला.

पुन्हा वाजवलं. पुन्हा उशीर. बोट वाकत होतं, मोकळं होतं, तरी थांबत होतं. त्याने ठरवून घाईने ठेवलं. आता पंचम आधीच आला, धडकल्यासारखा. आण्णांनी डोळे बारीक केले.

त्याने बसण्याची पद्धत बदलली. फोन पुन्हा लावून ऐकला. ऐकलं ते वाजवायला गेला आणि पुन्हा उंबऱ्यावर अडकला. रेशमी झब्बा पाठीला चिकटला. पोहे गार झाले. ऊन ओट्यावरून खळ्यात उतरलं.

“येत नाही, आण्णा.”

आण्णा शेतावरून येणाऱ्या म्हशींकडे बघत होते.

“तुम्ही सांगा काहीतरी.”

“एकदा सांगून बघितलं की,” आण्णा म्हणाले. “काय झालं ते बघतोस ना?”

सुकुमार पुन्हा वाजवू लागला. किती वेळ, त्याचं त्याला कळलं नाही. दोऱ्याचं तो विसरला. संचाचं विसरला. भर सभेत उभा राहिलेला तो माणूसही विसरला. फक्त एक भोक होतं आणि एक बोट होतं, आणि दोघांच्या मधे कितीतरी वर्षं पाहुणे उभे होते.

शेवटी त्याने बासरी मांडीवर ठेवली. झब्ब्याच्या बाहीने तोंड पुसलं. बाहीला तेलाचा डाग पडला, त्याच्याकडे त्याने पाहिलंही नाही. भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि दाराकडे तोंड करून म्हणाला,

“आक्का, चहा टाका हो जरा. अर्धाच. साखर जरा जास्त.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

आण्णा खांबापासून सरळ झाले. त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं, कुणी आलं की पाहतात तसं.

“अगं,” ते म्हणाले, “दोरा काढ. आला तो.”